सागरचित्रे : डचांची, इंग्रजांची आणि आपली

डच चित्रकलेविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले गेले आहे, ते बहुतांशी रेम्ब्रांट आणि व्हर्मेर या दोन नावांभोवती फिरते. समुद्र आणि त्यावरील जहाजे हाच ज्यांचा विषय, अशा चित्रांची एक स्वतंत्र शाखा सतराव्या शतकातील हॉलंडने जगाला दिली. ती मात्र आपल्याकडे जवळजवळ अनुल्लेखित राहिली. आम्हां अंबरपेठकरांच्या बाबतीत याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. येथे पिढ्यान्पिढ्या वसलेली आमची बहुतेक घराणी देशावरची. समुद्र आम्हांस भेटतो तो रामेश्वरी, द्वारकेला किंवा पुरीला, आणि तोही स्नानापुरता. शेजारून वाहणाऱ्या मुसीच्या पात्रात होडी दिसण्याचाही प्रसंग विरळाच. अशा वाचकांपुढे सागरचित्रांचा विषय मांडावा हे धाडसच होय. तरीही तो मांडत आहोत, कारण या चित्रांच्या वाटेवर गोवा लागतो, विजयदुर्ग लागतो, आणि आमच्या हाकेच्या अंतरावरची गोवळकोंड्याची राजधानीही लागते.

या शाखेचा आद्य पुरुष म्हणून हार्लेम गावच्या हेंड्रिक व्रोमचे नाव घेतात. त्याचा समकालीन चरित्रकार कारेल फान मांडर याने १६०४ साली छापलेल्या ग्रंथात व्रोमच्या प्रवासाची हकीकत दिली आहे. व्रोम आपली देवादिकांची चित्रे घेऊन स्पेनकडे निघाला असता पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ त्याचे जहाज फुटले. लोक कसेबसे खडकाला लागले. किनाऱ्यावरच्या मंडळींनी त्यांना आधी इंग्रज चाचे समजले. पण लाटांबरोबर वाहून आलेल्या धार्मिक चित्रांवरून ही माणसे सश्रद्ध ख्रिस्ती असल्याची त्यांची खात्री पटली. पुढे सेतुबाल येथे व्रोमने त्या जहाजफुटीचेच चित्र काढले. हकीकतीत थोडे मीठमसाल्याचे प्रमाण असेलही. पण ज्याने पाणी नाकातोंडात जाताना अनुभवले, त्याने ही परंपरा सुरू केली, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. व्रोमच्याच आराखड्यांवरून स्पॅनिश आरमाराच्या पराभवाचे दहा प्रचंड भित्तिपट विणले गेले. ते पुढे लंडनच्या उमरावसभेत लागले आणि १८३४ च्या आगीत जळाले.

व्रोमची चित्रे आज पाहिली तर ती थोडी बाळबोध वाटतात. निशाणे भडक, लाटा एकसारख्या, आणि प्रत्येक जहाज जणू दागिन्यांसह छायाचित्राला उभे राहिलेले. त्याच्यानंतरच्या पिढीत यान पोर्सेलिस आला आणि त्याने सारा रंगच उतरवला. करडे आकाश, करडे पाणी आणि मधे एखादे कोळ्याचे लहानसे तारू, एवढ्यावर त्याचे चित्र उभे राहते. व्रोमने जहाज रंगवले, पोर्सेलिसने हवा रंगवली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

या दोन्ही गोष्टी ज्यांच्या घरात एकत्र आल्या ते विलेम फान द फेल्डे, पिता आणि पुत्र. दोघांचे नाव एकच, काम मात्र वाटून घेतलेले. थोरला विलेम हा मुळात रेखाटनकार. लढाई सुरू झाली की हा गृहस्थ एका लहान नौकेत बसून आरमाराच्या मागोमाग जाई आणि तोफांच्या धुरात कागदावर जहाजांच्या जागा टिपून घेई. १६५३ साली स्खेव्हेनिंगेनजवळ झालेल्या लढाईचे त्याने १६५७ मध्ये जे मोठे चित्र केले, त्यात पुढच्या अंगाला त्याची ती नौका आणि तीत बसलेला तो स्वतः दिसतो. ‘मी तेथे होतो’ अशी ही साक्षच. त्याची अशी चित्रे रंगीत नसतात. पांढऱ्या अस्तरावर शाईच्या लेखणीने काढलेली ती असतात, आणि त्यांतली दोरी न् दोरी मोजता येते. धाकट्या विलेमने या रेखाटनांना रंग, आकाश आणि उजेड दिला. १६७२ च्या युद्धाच्या धामधुमीत हॉलंडमध्ये चित्रांचा बाजार बसला, तेव्हा दोघे इंग्लंडला गेले. म्हणजे ज्यांच्याविरुद्धच्या लढाया रंगवल्या त्यांच्याच दरबारी. १६७४ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने बापाला सागरी युद्धांची रेखाटने करण्यासाठी आणि मुलाला ती रंगात उतरवण्यासाठी वर्षाला प्रत्येकी १०० पौंड बांधून दिले. ग्रिनिचच्या राणीमहालात त्यांची चित्रशाळा थाटली गेली. या स्थलांतराकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे आपल्या विजयदुर्गाशी त्याचा संबंध येणार आहे.

या चित्रांना गिऱ्हाईक कोण होते, हा प्रश्न चित्रांइतकाच महत्त्वाचा आहे. आरमाराची मंडळे, नगरसभा आणि सेनापती हे तर होतेच. पण व्यापारी होते, आणि बेताच्या ऐपतीचे नागरिकही होते. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे भाग सामान्य माणसालाही घेता येत. ज्याचे चार पैसे जहाजात गुंतले आहेत, त्याला भिंतीवर जहाज हवे असते, आणि ते अचूक हवे असते. शीड चुकीच्या वाऱ्यात फुगलेले दिसले तर तो चित्रकाराला टोकल्यावाचून राहणार नाही. समुद्रगमनाच्या निषेधामुळे आपल्याकडे सागरचित्रे झाली नाहीत, असे विधान अधूनमधून वाचनात येते. ते आम्हांस पटत नाही. कोकणचे भंडारी, कोळी, गाबीत, दालदी कधी समुद्रावाचून राहिले नाहीत. उणीव होती ती समुद्राची नव्हे. ज्यांच्या हाती जहाजे होती त्यांच्या हाती चित्रे मागवण्याची चाल नव्हती, आणि ज्यांच्या वाड्यांत भिंती रंगवल्या जात त्यांना देवादिकांची आणि पुराणप्रसंगांची हौस होती.

आता गोव्याकडे वळू. डचांनी १६३६ पासून काही वर्षे दर हंगामात गोव्याच्या बंदराची नाकेबंदी केली. आदिलशाहीच्या परवानगीने त्यांनी १६३७ साली वेंगुर्ल्यास वखार घातली, ती या कामी सोयीचे ठाणे म्हणूनच. ३० सप्टेंबर १६३९ रोजी मुरगावच्या खाडीत त्यांनी तीन मोठी पोर्तुगीज गलबते गाठली आणि जाळली. या प्रसंगाचे हेंड्रिक फान अँथोनिसेनने रंगवलेले चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यावर वर्ष आहे १६५३, म्हणजे प्रसंगानंतर १४ वर्षांनी. १६५३ हे साल डचांना फार कठीण गेले. इंग्रजांशी युद्ध चालू होते आणि त्यांचा थोर सेनापती ट्रॉम्प याच वर्षी स्खेव्हेनिंगेनजवळ पडला. अशा वर्षी दूरच्या समुद्रातला जुना विजय भिंतीवर हवासा वाटावा, यात नवल नाही. मुरगावचे पाणी त्या चित्रात ॲमस्टरडॅमच्या समाधानासाठी आले आहे.

या फान अँथोनिसेनची आणखी एक गोष्ट येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात त्याचे एक समुद्रकिनाऱ्याचे चित्र आहे. थंडीच्या दिवसांत लोक वाळूवर घोळक्याने उभे आहेत, आणि ते नेमके काय पाहत आहेत हे कोणालाच कळत नसे. २०१४ साली साफसफाई करताना वरच्या रंगाचा थर निघाला आणि खाली किनाऱ्याला लागलेला प्रचंड देवमासा प्रकट झाला. कोण्या मालकाला मेलेला मासा दिवाणखान्यात नको होता, म्हणून तो केव्हातरी रंगाखाली पुरला गेला असावा. जुनी चित्रे पाहताना त्यांत काय आहे यापेक्षा काय झाकले आहे, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा.

मुरगावच्या चित्रात किनारा आहे, पण किनाऱ्यावरून पाहणारा डोळा नाही. चित्रकाराने पाहणाऱ्याला उभे केले आहे ते पाण्यावर, डच बाजूस. सागरचित्रांचा हा नियमच म्हणावा. त्यांत जमीन ही नेहमी ‘समोरची’ असते. आपले घर त्या जमिनीवर असेल, तर चित्र पाहताना आपण आपल्याच घराकडे परक्याच्या जहाजावरून पाहू लागतो.

हा मुद्दा पुढे नेण्याआधी गोवळकोंड्याला जाऊन यावे लागेल. निकोलास विट्सेन हे नाव मराठी वाचकाला फारसे परिचित नसले, तरी त्याचे ऋण मराठी माणसावर आहे. हा ॲमस्टरडॅमचा नगराध्यक्ष. एकदा नव्हे, तेरा वेळा त्या पदावर निवडला गेलेला. त्याच्या संग्रहात गोवळकोंड्यात १६८६ च्या सुमारास काढून घेतलेली हिंदुस्थानी राजपुरुषांची ४९ चित्रे होती. ती आज राइक्सम्युझियममध्ये आहेत आणि त्यांत शिवाजी महाराजांचे चित्र आहे. औरंगजेबाच्या हाती गोवळकोंडा पडला तो १६८७ मध्ये. म्हणजे कुतुबशाहीच्या अगदी शेवटच्या दिवसांत, आपण आज राहतो त्या परिसरातल्या कोण्या अनाम चित्रकाराच्या हातून उतरलेली महाराजांची छबी गोवळकोंड्याच्या मुलखातून समुद्रमार्गे हॉलंडला पोहोचली आणि म्हणून वाचली.

याच विट्सेनने १६७१ मध्ये जहाजबांधणीवर एक मोठा ग्रंथ लिहिला होता. जहाजाच्या फळीफळीची मापे आणि आकृत्या त्यात आहेत. जो मनुष्य जहाजाचा असा जाणकार, त्याच्या संग्रहात मराठ्यांच्या राजाचा चेहरा आला. त्या राजाने उभारलेल्या आरमाराची गुराब मात्र आली नाही. गोवळकोंड्याच्या चित्रकाराला चेहरा, पागोटे, तलवार हे सारे अवगत होते; जहाज हा त्याच्या हाताचा विषय नव्हता. आणि कोकणच्या ज्या सुताराला जहाज अवगत होते, त्याच्यापुढे कोणी कागद ठेवला नाही.

मराठ्यांनी जहाजाविषयी लिहिलेच नाही असे नव्हे. १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे एक संपूर्ण प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत आणि फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. लाकूड सागवानासारखे, आपल्या अरण्यातले, परवानगीने तोडलेले असावे. रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, झाड जीर्ण झालेले असले तरी धन्याला राजी करून, मोल देऊनच ते घ्यावे. विट्सेनचा ग्रंथ आणि आज्ञापत्रातले हे प्रकरण शेजारी ठेवून वाचावे, अशी आमची शिफारस आहे. दोहोंमध्ये अर्ध्या शतकाचेही अंतर नाही. डच ग्रंथात जहाज दिसते. आज्ञापत्रात जहाजाभोवतीचे राज्य दिसते. राज्यकर्त्याच्या विवेकाचा विचार केला तर आम्ही आज्ञापत्राचेच पारडे जड मानू. पण गुराब कशी दिसे, असे नातवाने विचारले तर आज्ञापत्र उघडून त्याला काय दाखवणार?

दाखवावे लागते ते शत्रूचे चित्र. फान द फेल्डे पितापुत्रांनी इंग्लंडात रुजवलेली परंपरा तेथील चित्रकारांनी उचलली. सॅम्युएल स्कॉट हा त्यांतला एक. त्याने आणि जॉर्ज लॅम्बर्टने १७३२ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीसाठी तिच्या सहा ठाण्यांची चित्रे केली, त्यांत मुंबई आहे. येथेही शहर पलीकडे आणि पुढ्यात कंपनीची जहाजे. पुढच्या पिढीत डॉमिनिक सेर हा जन्माने फ्रेंच चित्रकार लंडनमध्ये नावारूपास आला. तो तेथील रॉयल अकॅडमीच्या संस्थापक सभासदांपैकी होता. त्याने १७७१ साली रंगवलेले ‘घेरिया’च्या पाडावाचे चित्र आज ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग.

१७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर मारा केला. क्लाइव्ह सोबत होता. तुळाजी आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेले ‘रेस्टोरेशन’ नावाचे जहाज किल्ल्याजवळ इतर गलबतांबरोबर होते. त्यावर गोळा पडून आग लागली आणि ती एकीकडून दुसरीकडे पसरत आंग्र्यांचे बहुतेक आरमार जळून गेले. ज्या आरमाराने दोनच वर्षांपूर्वी, १७५४ मध्ये, तीन डच जहाजांशी झुंज देऊन दोन जाळली आणि एक पकडून आणले, ते असे संपले. (डचांच्या त्या पराभवाचे चित्र ॲमस्टरडॅममध्ये कोण मागवणार?) सेरच्या चित्रात हा दिवस इंग्रजांच्या बाजूने, समुद्रावरून पाहिलेला आहे. गोऱ्या जहाजांची मांडणी, वाऱ्याचा अंदाज, तोफांचा धूर आणि पाण्यावरचा उजेड यांत फान द फेल्डे घराण्याचे संस्कार स्पष्ट ओळखू येतात. चित्र म्हणून ते उत्तम आहे. मराठी माणसाने ते पाहू नये असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण ते पाहताना आपण वॉटसनच्या शेजारी उभे आहोत, हे विसरू नये.

आणि आणखी एक गोष्ट त्या चित्राच्या चौकटीबाहेर राहते. जमिनीच्या बाजूने त्या दिवशी किल्ल्याला पेशव्यांच्या फौजेचा वेढा होता. १७५५ च्या मार्चमध्ये पुणे दरबाराने तुळाजीविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी करार केला होता, आणि त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला होता. सुवर्णदुर्ग घेणाऱ्या कमोडोर जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनजवळच्या टेकडीवर त्या किल्ल्याच्या नावाचा मनोरा बांधला. तो आजही उभा आहे. पुण्यात या विजयाचा मनोरा कोण बांधणार होते? तुळाजी उद्धट होता, दरबाराला जुमानत नव्हता, हे सर्व मान्य केले तरी आपले आरमार आपल्याच संमतीने जळताना पाहिलेल्या राज्यात त्या आगीचे चित्र निघणे कठीणच होते. मराठी चित्रकलेच्या इतिहासातली ही रिकामी जागा कलेच्या अभावाने नव्हे, या संकोचाने राहिली असावी, असे आमचे मत आहे. फिट्झविल्यममधल्या देवमाशासारखेच हे. फरक इतकाच की येथे खरवडून काढावा असा रंगही नाही.

तरीही जहाजाची आपली स्वतःची चित्रे शोधायची झाली तर ती आहेत, मात्र फार जुनी. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवले आहे. त्याच्या नाळेवर डोळा काढलेला आहे आणि तूतकावर रांजणांची रांग आहे. सोपाऱ्याच्या पूर्णाच्या बौद्ध कथेतला हा प्रसंग मानतात, म्हणजे कथा थेट आपल्या किनाऱ्याची. अजिंठा १९५६ पूर्वी हैदराबाद संस्थानचा भाग होता. निजामाच्या पुराणवस्तू खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी त्या चित्रांचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध केले, आणि अजिंठ्याच्या नकला हैदराबादेतच सार्वजनिक बागेतल्या संग्रहालयात लागल्या. आमच्या मागच्या पिढीतील अनेकांनी अजिंठा प्रथम पाहिला तो तेथे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती आठ महाभये कोरली आहेत. त्यांत बुडत्या नौकेतले प्रवासी हात जोडून उभे आहेत. डच चित्रातले खलाशी वादळात दोर ओढतात, शीड उतरवतात. आपल्या शिल्पातले प्रवासी धावा करतात. यात उणेअधिक ठरवण्याचे कारण नाही. समुद्रावर दोन्ही गोष्टी घडतात, आणि कोणती पाहायची ते पाहणारा ठरवतो.

लढाऊ जहाज पाहायचे तर मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावी जावे लागते. तेथील वीरगळांवर उंच नाळेची, एका डोलकाठीची गलबते कोरली आहेत आणि त्यांना वल्ह्यांच्या रांगा आहेत. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या सागरी युद्धाशी त्यांचा संबंध जोडतात. खालच्या पट्ट्यात लढाई, वरच्या पट्ट्यांत स्वर्गारोहण आणि कैलास. येथे क्षितिज नाही, वारा नाही, हवामान नाही. पण पाथरवटाने वल्ही मोजून कोरली आहेत आणि पाण्यात पडलेली माणसेही वगळलेली नाहीत. सेरच्या चित्रात मेलेले आंग्र्यांचे खलाशी दिसत नाहीत. वीरगळ उभारला जातो तो मुळी मेलेल्यांसाठीच.

मग आजची स्थिती काय? आमच्या पाहण्यातल्या बहुतेक दिनदर्शिकांवर आणि मुलांच्या पुस्तकांत ‘शिवरायांचे आरमार’ म्हणून जे छापलेले असते, ते भगवे निशाण लावलेले युरोपी जहाज असते. उंच पिछाडी, चौकोनी शिडांचे तीन मजले, दोन्ही कुशींतून डोकावणाऱ्या तोफांच्या रांगा. चित्रकाराने नकळत व्रोमचेच जहाज उचलून मालवणच्या पाण्यात सोडलेले असते. ज्यांचा पाठलाग गुराबा करीत, त्यांचाच आकार गुराबेला मिळाला.

वास्तविक गुराबेचे नेमके वर्णन उपलब्ध आहे. ते रॉबर्ट ऑर्म या कंपनीच्या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात केलेले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी, आणि पुढे निमुळती होत गेलेली लांब नाळ. तूतकावर पुढच्या बाजूस दोन मोठ्या तोफा, त्यांचा मारा नाळेवरून सरळ समोर. कुशीच्या तोफा लहान. सोबतचे गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे. एक प्रचंड तिकोनी शीड आणि ४० ते ५० वल्ही. वारा पडला की मोठे युरोपी जहाज जागच्या जागी खिळे, आणि ही गलबते गुराबेला दोर लावून ओढत त्याच्या पिछाडीशी नेत. जेथे त्या जहाजाच्या कुशीच्या तोफा पोहोचत नाहीत, नेमके तेथे.

म्हणजे डच पद्धतीने, कुशीकडून, शिडे फुगवून रंगवली तर गुराबेचे बळ चित्रात उतरणारच नाही. तिचा दिवस म्हणजे निवाऱ्याचा दिवस. समुद्र सपाट, शिडे लोंबती, वल्ह्यांचा आवाज. फान द फेल्डे पुत्राने असा निवांत समुद्र कितीतरी वेळा रंगवला आहे, आणि त्याच्या हातची ती सर्वांत सुंदर चित्रे आहेत. त्याच्याकडून घ्यायचे तर ते पाणी घ्यावे. गुराब मात्र तिच्या तूतकावरून, तांडेलाच्या खांद्यामागून पाहावी लागेल. पुढे नाळ, नाळेपलीकडे वल्हवणाऱ्यांच्या पाठी, आणि त्यांच्याही पलीकडे वाऱ्याची वाट पाहत उभे असलेले ते उंच पिछाडीचे जहाज.